न पाहिलेल्या जगाची चित्रे आणि कल्पनारेखनाचा पाठ

चित्रकलेच्या तासाला ‘मनाने एक चित्र काढा’ असे सांगितले असता वर्गातील बहुतेक वह्यांवर एकच देखावा उमटलेला आढळतो. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खिंडीतून वर येणारा सूर्य, डोंगरातून निघून पुढे रुंद होत जाणारी नदी, काठावर एक झोपडी, एक नारळाचे झाड आणि आकाशात चार-दोन पक्षी. ज्या गावास नदी नाही तेथील मुलेही ही नदी काढतात. ज्यांनी नारळाचे झाड जवळून पाहिलेले नाही, तीही ते झाड काढतात. हा देखावा मुलांच्या मनातून आलेला नसतो. तो मोठ्या भावंडाच्या वहीतून, फळ्यावरून अथवा छापील पुस्तकातून उतरलेला असतो. ‘मनाने’ या शब्दाचा अर्थ ‘पाठ असलेले’ असाच मुलांनी करून घेतलेला असतो.

वरवर पाहता यात काही बिघडले असे वाटत नाही. चित्र नीटनेटके दिसते, पालकांस आवडते, भिंतीवरही लावता येते. परंतु जे मूल पुनःपुन्हा ठरलेलाच देखावा काढते, त्यास स्वतःच्या डोळ्यांवर व स्वतःच्या विचारांवर विसंबण्याची सवय लागत नाही. ज्या मुलास तो देखावा साधत नाही, ते तर ‘मला चित्र येत नाही’ असे म्हणून पेन्सिल खाली ठेवते. वास्तविक त्यास जमलेली नसते ती नक्कल. स्वतःचे चित्र काढण्याची संधी त्यास मिळालेलीच नसते. आणि ‘मला येत नाही’ हा निर्णय मूल केवळ चित्रकलेपुरता राखून ठेवीत नाही. निबंध लिहिताना, विज्ञानातील ‘असे का होते’ या प्रश्नास उत्तर देताना, गणिताचे उदाहरण स्वतः रचताना तेच मूल मागे सरते. म्हणून कल्पनारेखनाच्या तासाचा प्रश्न हा केवळ कागद व रंग यांचा प्रश्न नव्हे.

या कामी शिक्षकांस उपयोगी पडेल असे एक साधन अद्भुतकथा व विज्ञानकथा यांच्या प्रांतात उपलब्ध आहे. कोणीही न पाहिलेली जगे, न जन्मलेले प्राणी आणि न बांधलेली याने यांची चित्रे त्या प्रांतात विपुल काढली गेली आहेत. ती कशी निर्माण झाली हे समजून घेतल्यास त्यांच्यापासून प्रेरणा कशी घ्यावी, हेही स्पष्ट होते.

संकल्पनाचित्र म्हणजे काय

चित्रपट, खेळ अथवा सचित्र पुस्तक तयार होण्यापूर्वी त्यातील स्थळे, पात्रे व वस्तू कशा दिसतील हे ठरविण्यासाठी जी चित्रे काढली जातात, त्यांस ‘कन्सेप्ट आर्ट’ म्हणजे संकल्पनाचित्रे म्हणतात. शासकीय रेखाकला परीक्षेत ‘संकल्पचित्र’ हा विषय असतो. त्यात दिलेल्या आकारात नक्षीची रचना करावयाची असते. संकल्पनाचित्र त्याहून निराळे. लेखकाने ‘ओसाड ग्रहावरील एक वसाहत’ एवढेच लिहिले असेल, तर घरे कशाची, दारे कोणत्या दिशेस, पाणी कोठून येते, लोक अंगात काय घालतात, या सर्व गोष्टी चित्रकारास ठरवाव्या लागतात. त्या चित्रावरून पुढे सुतार देखावा उभारतो, शिंपी पोशाख शिवतो, आणि आज संगणकावर काम करणारे कारागीर तोच आकार घडवितात. अनेक हातांनी एकच वस्तू निर्माण करावयाची असता सर्वांच्या डोळ्यांसमोर एकच प्रतिमा असावी, हा या चित्राचा मुख्य हेतू होय.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की, संकल्पनाचित्र हे उत्तर असते. त्याच्यामागे एक प्रश्न उभा असतो. दुसरी अशी की, हे उत्तर पहिल्याच प्रयत्नात सापडत नाही. चित्रकार बोटभर आकाराची पुष्कळ रेखाटने करतो व त्यांतील बहुतेक टाकून देतो. पुष्कळदा तो प्रथम आतील तपशील न भरता केवळ काळी बाह्याकृती काढून पाहतो. नुसत्या आकृतीवरून पात्र ओळखू आले, तरच पुढे जातो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनी पाहिला असेल, त्यांस हे तत्त्व नवे वाटणार नाही. पडद्यावर पडलेल्या छायेवरूनच प्रेक्षकांस पात्र ओळखावयाचे असल्याने बाहुलीचा कडाकाठ बोलका असावा लागतो.

एका शाळामास्तरांची रेखाटने

अंतराळप्रवासाची अगदी आरंभीची संकल्पनाचित्रे काढणाऱ्यांमध्ये एक शाळाशिक्षक होते, ही गोष्ट प्राथमिक शिक्षकांस विशेष वाटावी अशी आहे. कॉन्स्तान्तिन त्सिओल्कोव्स्की (१८५७–१९३५) हे रशियातील बोरोव्स्क व कालुगा या गावी शिक्षक होते. लहानपणी लोहितज्वर होऊन त्यांची श्रवणशक्ती फार मंदावली. त्यामुळे त्यांचे शिक्षण बहुतांशी ग्रंथालयात व स्वाध्यायाने झाले. ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या कथांनी त्यांच्या मनात अंतराळप्रवासाचे बीज पेरले, आणि १९०३ साली त्यांनी अग्निबाणाच्या साह्याने पृथ्वीबाहेर जाता येईल, याचे गणित मांडणारा निबंध प्रसिद्ध केला.

पुढे १९३० नंतरच्या काळात रशियात चंद्रप्रवासावर एक चित्रपट निघावयाचा होता. त्याच्या निर्मात्यांनी त्सिओल्कोव्स्की यांचा सल्ला घेतला, आणि त्यांनी १९३३ साली चित्रपटासाठी रेखाटनांची एक वही तयार केली. त्सिओल्कोव्स्की चित्रकार नव्हते. रेषा साध्या, माणसे काड्यांसारखी, शेजारी हाताने लिहिलेल्या सूचना. परंतु त्या रेखाटनांत वजन नाहीसे झाल्यावर माणसे यानात कशी कोणत्याही दिशेस डोके करून तरंगतील, याचा विचार होता. यानातील हवा वाया न जाऊ देता बाहेर कसे पडावे, यासाठी दोन दारांची एक मधली खोलीही होती : आतले दार लावावयाचे, खोलीतील हवा काढून घ्यावयाची, मग बाहेरचे दार उघडावयाचे. तो चित्रपट १९३६ साली पडद्यावर आला. तो पाहावयास त्सिओल्कोव्स्की हयात नव्हते.

दिनांक १८ मार्च १९६५ रोजी अलेक्सेई लिओनोव हे रशियन अंतराळवीर ‘वोस्खोद २’ या यानातून अशाच हवाबंद मधल्या कोठडीतून बाहेर पडले आणि सुमारे बारा मिनिटे मोकळ्या अंतराळात राहिले. असे करणारे ते पहिले मानव होत. कोणत्याही रेखाटनात न दिसलेली एक अडचण त्यांस तेथे भेटली : निर्वातात त्यांचा पोशाख फुगून इतका ताठर झाला की, आतील हवेचा दाब कमी केल्यावाचून त्यांस परत कोठडीत शिरता येईना. लिओनोव हे चित्रकारही होते. त्यांनी सोबत रंगीत पेन्सिली नेल्या होत्या व त्या तरंगत निघून जाऊ नयेत म्हणून दोऱ्यांनी बांधून ठेवल्या होत्या. त्या पेन्सिलींनी त्यांनी यानातून दिसलेला सूर्योदय रेखाटला. पृथ्वीच्या काळ्या कडेवर तांबड्या, पिवळ्या व निळ्या रंगांचे पट्टे असलेले ते लहानसे चित्र अंतराळात काढलेले पहिले चित्र मानले जाते. ज्या स्थळाची कल्पना एका शिक्षकाने घरी बसून केली होती, त्याच्या प्रत्यक्ष दर्शनाचे चित्र बत्तीस वर्षांनी दुसऱ्या माणसाने तेथे बसून काढले.

शनीचे आकाश

केवळ मनास वाटेल तसे रंगविले म्हणजे कल्पनाचित्र होते, हा समज दूर करण्यास चेस्ली बोनस्टेल (१८८८–१९८६) या अमेरिकन चित्रकाराचे उदाहरण उपयोगी आहे. १९०५ साली, सतरा वर्षांच्या वयात, त्याने कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेच्या दुर्बिणीतून शनी पाहिला आणि घरी येऊन त्याचे चित्र काढले. ते चित्र १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील भूकंपानंतरच्या आगीत नष्ट झाले. शनी मात्र त्याच्या मनातून गेला नाही. पुढे त्याने वास्तुरचनेच्या क्षेत्रात काम केले, चित्रपटांसाठी पार्श्वभूमीचे पडदे रंगविले, आणि १९४४ साली ‘लाइफ’ या साप्ताहिकात शनीच्या निरनिराळ्या उपग्रहांवरून शनी कसा दिसेल, याची चित्रमाला प्रसिद्ध केली. टायटन या उपग्रहावरील बर्फाळ कड्यांच्या वर निळ्या आकाशात शनी टांगलेला आहे, हे त्यांतील चित्र फार प्रसिद्ध झाले.

या चित्रांतील शनीचा आकार अंदाजाने ठरविलेला नव्हता. तो मोजून काढलेला होता. हे गणित वरच्या वर्गातील मुलांसही करता येईल. शनीचा व्यास सुमारे १,२०,००० किलोमीटर असून टायटनचे त्याच्यापासून अंतर सुमारे १२,००,००० किलोमीटर आहे. म्हणजे अंतर व्यासाच्या दसपट. चंद्राचा व्यास सुमारे ३,५०० किलोमीटर व त्याचे पृथ्वीपासून अंतर सुमारे ३,८४,००० किलोमीटर. म्हणजे अंतर व्यासाच्या सुमारे एकशेदहापट. आता पुठ्ठ्याची अडीच सेंटिमीटर व्यासाची एक चकती कापावी. ती डोळ्यांपासून पावणेतीन मीटरवर धरली असता जेवढी दिसते, तेवढा पृथ्वीवरून चंद्र दिसतो. तीच चकती डोळ्यांपासून पंचवीस सेंटिमीटरवर धरली असता जेवढी दिसते, तेवढा टायटनच्या अंतरावरून शनी दिसेल. त्याची कडी तर याहून पुष्कळ रुंद. एवढे एकदा करून पाहिल्यावर मूल ते आकाश पूर्वीप्रमाणे काढणार नाही.

बोनस्टेलची चित्रे सर्वस्वी खरी ठरली असेही नाही. टायटनवर दाट धुके असल्याचे पुढे कळले. १४ जानेवारी २००५ रोजी ‘हायगेन्स’ हे यान तेथे उतरले, तेव्हा नारिंगी आकाशाखाली गोलसर खड्यांची भूमी दिसली. शनी दिसत नव्हता. चंद्रावरचे डोंगर त्याने सुळक्यांसारखे टोकदार काढले होते, कारण तेथे झिजविणारा वारा नाही व पाणी नाही. परंतु कोट्यवधी वर्षे पडत असलेल्या लहानमोठ्या उल्कांनी ते डोंगर गोलसर केले आहेत, हे जुलै १९६९ पासून माणसे तेथे उतरू लागल्यावर सर्वांनी पाहिले. तरीही ही चित्रे निरुपयोगी ठरत नाहीत. त्यांतील प्रत्येक चुकीमागे एक कारण होते, आणि ज्या चुकीस कारण असते ती नवे ज्ञान मिळताच दुरुस्त करता येते. वर्गातही एवढेच पाहावयाचे असते : मुलाने जे काढले त्याचे कारण त्यास सांगता येते की नाही.

प्रश्नातून निघालेला मुखवटा

तिसरे उदाहरण चित्रपटातील आहे. १९७७ साली प्रदर्शित झालेल्या ‘स्टार वॉर्स’ या अमेरिकन चित्रपटासाठी राल्फ मक्वारी या चित्रकाराने १९७५ साली संकल्पनाचित्रे काढावयास आरंभ केला. त्यापूर्वी तो बोइंग या विमानांच्या कारखान्यात तांत्रिक आकृत्या काढीत असे. चित्रपटातील खलनायक डार्थ व्हेडर हा एका यानातून दुसऱ्या यानात चढाई करतो, असे आरंभीच्या कथानकात होते. मक्वारीस प्रश्न पडला : दोन यानांच्या मधल्या पोकळीत हा मनुष्य श्वास कसा घेणार? म्हणून त्याने व्हेडरच्या तोंडावर श्वसनाचा मुखवटा चढविला. तो मुखवटा इतका प्रभावी ठरला की, पुढे त्या पात्राची सर्व कहाणीच त्याच्याभोवती गुंफली गेली. मुखवट्यावरील शिरस्त्राण जपानच्या सामुराई योद्ध्यांच्या शिरस्त्राणाकडे पाहून घडले होते. आणि त्याच चित्रपटातील सोनेरी यंत्रमानवाचे पहिले रूप फ्रिट्झ लांग याच्या १९२७ सालच्या ‘मेट्रोपोलिस’ या चित्रपटातील यंत्रस्त्रीवरून सुचले होते.

यातून प्रेरणा व नक्कल यांतील भेद उघड होतो. मक्वारीने जुन्या गोष्टी घेतल्या, परंतु त्या जशाच्या तशा ठेवल्या नाहीत. नव्या प्रश्नास उत्तर देण्यासाठी त्यांची नवी जुळणी केली. नक्कल करणारा चित्रातील रेषा घेतो. प्रेरणा घेणारा त्या रेषेचे कारण शोधतो. व्हेडरचा मुखवटा हुबेहूब उतरविणाऱ्या मुलाच्या हातास वळण लागेल. परंतु ‘धुळीच्या वादळात गुरे चारणाऱ्या गुराख्यास कसला मुखवटा लागेल?’ या प्रश्नावर विचार करून उपरणे, सुपारीची विरी व जाळी यांचा मुखवटा काढणारे मूल मक्वारीच्या अधिक जवळ जाते, मग त्याच्या रेषा वाकड्या असोत.

दारावरचा शरभ

अशी चित्रे परदेशातच झाली असे मानण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील कित्येक किल्ल्यांच्या दारांवर शरभ नावाचा कल्पित पशू कोरलेला आहे. त्याचे अंग सिंहासारखे. कोठे त्यास पंख दिसतात. जंजिऱ्याच्या प्रवेशद्वारावर तर त्याने हत्तींस पंजांत धरलेले दाखविले आहे. हत्तीपेक्षा बलवान असा पशू कोणी पाहिलेला नव्हता. परंतु दाराशी येणाऱ्यास ‘आत शिरण्यापूर्वी विचार कर’ असे सांगावयाचे होते, आणि शरभ हे त्या गरजेस दिलेले उत्तर होते.

ओडिशातील नवगुंजराचे उदाहरण याहूनही बोधप्रद आहे. पंधराव्या शतकातील सारळा दास यांच्या ओडिया महाभारतात श्रीकृष्ण अर्जुनासमोर नऊ प्राण्यांनी बनलेले रूप घेऊन येतात. कोंबड्याचे डोके, मोराची मान, बैलाचे वशिंड, सिंहाची कंबर, सापाची शेपटी, आणि हत्ती, वाघ व घोडा अथवा हरिण यांचे पाय. चौथ्या पायाच्या जागी मनुष्याचा हात व त्यात कमळ. ओडिशाच्या पटचित्रांत हे रूप आजही रंगविले जाते. यातील प्रत्येक अवयव पाहिलेला आहे, आणि सबंध प्राणी कोणीही पाहिलेला नाही. कल्पना शून्यातून काही निर्माण करीत नाही. पाहिलेल्याची नवी जुळणी करते. म्हणूनच ज्या मुलाने बैलाचे वशिंड, सापाचे वळण व मोराची मान नीट पाहिली आहे, त्याच्या कल्पनेपाशी सामग्री अधिक असते. खेड्यातील मूल या बाबतीत दरिद्री नाही. त्याच्या परिसरास वर्गात प्रवेश मिळावयास हवा, एवढेच.

वर्गात कसे योजावे

पुढील क्रम एक-दोन शिक्षकांच्या शाळेतही, साधा कागद, खडू, कोळसा, गेरू व हळद एवढ्याच साहित्यावर पाळता येईल.

(१) पहिली व दुसरी. पावसाळ्यात भिंतीवर पडलेले ओलीचे डाग, आकाशातील ढग, सांडलेल्या शाईचा ठिपका यांकडे मुलांनी पाहावे व ‘यात कोण दिसते?’ हे सांगावे. इटलीतील थोर चित्रकार लिओनार्दो दा व्हिंची यानेही नव्या कल्पनांसाठी डागाळलेल्या भिंतींकडे पाहण्याचा उपदेश चित्रकारांस केला होता. मुलाने सांगितलेल्या प्राण्यास दोन डोळे व पाय त्याने स्वतः जोडावेत. शिक्षकांनी ते चित्र सुधारू नये.

(२) तिसरी व चौथी. परिसरातील तीन प्राणी मुलांनी आधी नीट पाहून यावेत : बेडकाचे मागचे पाय, खेकड्याच्या नांग्या, घुबडाचे डोळे. नंतर एक गरज सांगावी, उदाहरणार्थ, ‘जो रात्री चिखलात अन्न शोधतो असा प्राणी.’ कोणता अवयव कोणाचा व का घेतला, हे चित्राखाली एका वाक्यात लिहवून घ्यावे. येथे चित्रकला, परिसर अभ्यास व भाषा हे तिन्ही विषय एकत्र येतात.

(३) पाचवी व पुढे. एखाद्या काल्पनिक जगाचा एकच नियम द्यावा आणि त्यातून निघणारे घर, वाहन अथवा पोशाख काढावयास सांगावा. ‘जेथे वर्षातून एकच दिवस पाऊस पडतो, त्या जगातील गाव’ हा विषय टंचाई अनुभवलेल्या गावातील मुलांस लगेच पटेल. पाणी साठवावयाचे कोठे? छप्पर उतरते असावे की नरसाळ्यासारखे खोलगट? साठवलेले पाणी वर्षभर आटू नये म्हणून काय करावे? त्या एका दिवशी गावात सण असेल काय? एखादे मूल घराखाली घराएवढेच टाके काढील. दुसरे सर्व छपरे एकमेकांस जोडून गावाचे एकच छप्पर करील. तिसरे एका सामाईक विहिरीवर पहारा बसवील. तिन्ही उत्तरे योग्य आहेत, आणि तिन्ही मुलांनी नकळत पाण्याच्या वाटपाचाही विचार केलेला असतो.

प्रत्येक पाठात अंतिम चित्रापूर्वी पाटीवर अथवा पाठकोऱ्या कागदावर किमान चार लहान रेखाटने करण्याचा नियम ठेवावा. पहिले रेखाटन बहुधा ओळखीच्या वळणाचे निघते. तिसऱ्या-चौथ्याच्या वेळी मूल स्वतः शोधू लागते. शिवाय टाकून द्यावयाचेच आहे हे ठाऊक असल्याने चुकण्याची भीतीही उरत नाही.

मोठ्या चित्रकारांची चित्रे दाखवावयाची झाल्यास ती एका पाठात एक-दोनच असावीत, आणि ती पाठाच्या आरंभी नव्हे तर मुलांची लहान रेखाटने झाल्यावर दाखवावीत. आरंभीच दाखविल्यास सर्व वर्ग त्या चित्राचीच प्रत काढतो. चित्र दाखविताना चित्रकाराचे नाव अवश्य सांगावे. कोणतेही चित्र आपोआप होत नाही, ते कोणा माणसाच्या श्रमाचे फळ असते, हा संस्कारही त्यातून घडतो.

घ्यावयाची काळजी

विज्ञानकथांच्या चित्रांत शस्त्रे, स्फोट व भयानक आकृती पुष्कळ असतात. लहान मुलांसाठी निवड करताना ती टाळावीत. लढाईचेच चित्र काढू इच्छिणाऱ्या मुलास दटावण्याऐवजी ‘या सैनिकांचे जेवण कोण शिजवितो? ते कोठे झोपतात?’ असे विचारावे. त्याचे चित्र आपोआप रुंदावते.

मोबाइलवर वा संगणकावर चार शब्द लिहिताच यंत्र चित्र तयार करून देते, ही सोय आता पुष्कळ घरांत पोहोचली आहे. तिचा राग करण्याचे कारण नाही. परंतु कल्पनारेखनाच्या तासाचे काम ती करू शकत नाही, हे पालकांसही समजावून द्यावे. तयार मिळालेल्या चित्रात छप्पर खोलगट का, पाणी कोठे जाते, हे मुलाने ठरविलेले नसते. चित्र हाती आले, पण ज्या विचारासाठी ते काढावयाचे होते तो विचार झालाच नाही, असे होते. डोंगर, नदी व नारळाच्या जागी यंत्राने दिलेला दुसरा तयार देखावा येणे, ही प्रगती नव्हे.

मूल्यमापन करताना नीटनेटकेपणास गुणांचा मोठा वाटा देऊ नये. आकारिक मूल्यमापनाच्या नोंदीसाठी तीन प्रश्न पुरेसे आहेत : मुलाने दिलेल्या प्रश्नास उत्तर शोधले काय? चित्रातील निदान एका गोष्टीचे कारण त्यास सांगता येते काय? त्याने प्रत्यक्ष पाहिलेले काही त्यात आले आहे काय? जे मूल फारसे बोलत नाही, त्याचे उत्तर चित्राकडे बोट दाखवूनही घ्यावे. भिंतीवर चित्रे लावताना निवडक नव्हे तर सर्वांची लावावीत व प्रत्येकाखाली मुलाने सांगितलेले कारण लिहावे. पालक ती कारणे वाचतील, तेव्हा चित्राकडे पाहण्याची त्यांची दृष्टीही बदलेल.

त्सिओल्कोव्स्की यांच्या वहीतील माणसे काड्यांसारखी होती; तरी दोन दारांच्या खोलीचा विचार त्या काड्यांनी नेमका सांगितला. प्राथमिक शाळेतील मुलाच्या हातून याहून अधिक सफाईची अपेक्षा करण्याचे कारण नाही. त्याने स्वतः एक प्रश्न घ्यावा, पाहिलेल्या गोष्टींतून त्याचे उत्तर जुळवावे आणि ते कागदावर मांडून ‘हे असे, कारण…’ असे वर्गास सांगावे. पेन्सिल खाली ठेवून बसलेल्या मुलासाठीही हा मार्ग खुला आहे. किंबहुना, पाठ केलेला देखावा त्यास साधला नव्हता, म्हणून नवा देखावा शोधण्याची गरज त्यालाच प्रथम जाणवण्याचा संभव आहे. शिक्षकांनी त्याच्यापुढे नमुना ठेवू नये. एक चांगला प्रश्न ठेवावा, आणि त्यास पुरेसा वेळ द्यावा.